वाचकांचे प्रश्न : मारा नदीकाठची सबुरी

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, माझे पती आणि माझ्या सासूबाई असे तिघे केनियातील मसाई मारा आणि टांझानियातील सेरेंगेटी येथे मिळून अकरा दिवस राहून आलो. त्या प्रवासावरचे माझे तीन लेख या मासिकात प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी दहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. सदराच्या पद्धतीप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव दिले आहे.

प्रश्न : विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते दृश्य हमखास दिसावे यासाठी कोणत्या तारखेला जावे? आम्हांला दिवाळीच्या सुट्टीखेरीज रजा मिळणे कठीण आहे. (सातारा)

अशी तारीख नाही, आणि कोणी ती छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. हे स्थलांतर म्हणजे ठरल्या तिथीला प्रस्थान ठेवून ठरल्या मुक्कामाला पोहोचणारी वारी नव्हे. सुमारे तेरा लाख विल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी मोठी हरणे), दोन लाखांहून अधिक झेब्रे आणि त्यांच्या जोडीला गझेल हरणे पावसामागून, म्हणजेच कोवळ्या गवतामागून, वर्षभर एका मोठ्या वर्तुळात फिरत असतात. जानेवारी ते मार्च हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील आखूड गवताच्या माळावर असतात. ती जमीन ज्वालामुखीच्या राखेची असून तिथल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, म्हणून माद्या तिथे वितात, आणि बहुतेक पिल्ले फेब्रुवारीच्या आसपास तीनएक आठवड्यांतच जन्माला येतात. पुढे गवत सुकत जाईल तसे कळप पश्चिमेकडून उत्तरेला सरकतात, जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत मारा नदीच्या दोन्ही बाजूंना असतात आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेची वाट धरतात. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर आपल्याला चांगली संधी आहे, नोव्हेंबरात आली तर फारशी नाही.

नदी एकदाच ओलांडली जाते हाही गैरसमज आहे. पलीकडे सर पडली की कळप तिकडे जातो, आठवड्याने अलीकडे हिरवे दिसले की परत येतो, त्यामुळे एकाच हंगामात तेच जनावर मगरींच्या समोरून अनेकदा जाऊ शकते. केव्हा उतरायचे याचा निर्णय कोण घेते हे तिथल्या चालकांनाही सांगता येत नाही. आम्ही पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला नदीकाठी गाडी लावली. समोरच्या काठावर पाचसहाशे जनावरे येऊन ठेपलेली होती. पुढची रांग पाण्याचा वास घेई, एखादा झेब्रा चार पावले उतरून पाणी पिई, मग कशाने तरी दचकून सगळे मागे धूळ उडवीत पळत आणि वीस मिनिटांनी पुन्हा तिथेच येऊन उभे राहत. असे नऊ वेळा झाले. प्रत्येक वेळी आमचा मार्गदर्शक मागे न वळता एकच शब्द म्हणे, ‘तुसुबिरी’, म्हणजे ‘थांबू या’. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी विचारले, “हा सबुरीच म्हणतोय ना गं?” तर खरोखरच तसे होते. ‘सब्र’ हा अरबी शब्द एका वाटेने स्वाहिलीत गेला आणि दुसऱ्या वाटेने मराठीत आला, जसा ‘सफर’ आपल्याकडे सफर म्हणून राहिला आणि तिकडे ‘सफारी’ झाला. स्वाहिलीत सफारी म्हणजे केवळ प्रवास, मग तो मामाच्या गावचा का असेना. सासूबाईंनी त्या साडेचार तासांत पिशवीतला कापूस काढून अडीचशे फुलवाती वळल्या. मार्गदर्शकाने त्या हातात घेऊन पाहिल्या आणि हे कोणत्या आजारावरचे औषध आहे असे विचारले.

एक वाजता पलीकडच्या काठाने एक गाडी इतर गाड्यांची ओळ सोडून थेट उताराच्या तोंडाशी आली, कळपाने पाठ फिरवली आणि तो पुन्हा काही त्या दिवशी परतला नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका उतारावर दोन तास थांबल्यावर एका मादीने उडी घेतली आणि मग मागच्यांना थांबणे शक्यच राहिले नाही. पंधरा मिनिटांत हजारएक जनावरे पार झाली असावीत. दूरचित्रवाणीवर पाहताना जे कळत नाही ते म्हणजे आवाज. पावसाळ्यात भरलेल्या डबक्यातील शेकडो बेडूक एकदम ओरडावेत तसे ते हुंकार असतात, आणि त्यातच खुरांखाली घसरणाऱ्या दगडांचा खडखडाट. आमच्या समोर मगरीने कोणाला धरले नाही. पण एक पिल्लू वर चढले, आई सापडेना म्हणून परत पाण्यात उतरले आणि एकटेच उलट्या दिशेने पोहत गेले, ते पुढे कुठे निघाले ते गर्दीत दिसले नाही. मगरींपेक्षा चेंगराचेंगरीने आणि बुडून मरणाऱ्यांची संख्या खूप मोठी असते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे दरवर्षी सरासरी 6,250 विल्डबीस्ट या नदीत बुडतात, त्यांच्या मांसावर गिधाडे, मराबू करकोचे आणि मासे जगतात, आणि हाडांतून फॉस्फरस पुढे कित्येक वर्षे पाण्यात झिरपत राहतो.

प्रश्न : आम्ही ताडोबाला सात वेळा गेलो आहोत. वाघ पाहिल्यावर आफ्रिकेत निराळे काय पाहायचे? (नागपूर)

क्षेत्रफळाने पाहिले तर मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बफर धरून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पापेक्षा थोडे लहानच. पण मारा एकटे नाही. दक्षिणेला आंतरराष्ट्रीय सीमेवर कुंपण नसल्याने ते 14,763 चौरस किलोमीटरच्या सेरेंगेटीशी सलग जोडलेले आहे आणि उत्तरेला मसाई लोकांच्या खासगी संवर्धन क्षेत्रांशी.

खरा फरक कान आणि डोळे यांचा आहे. ताडोबाच्या सागवान-बांबूत आपण कानांनी जंगल वाचतो. चितळाचा कॉल, सांबराचा कॉल, वानराची खोकल्यासारखी हाक, आणि गाइडचे वर झालेले बोट. मारामध्ये झाड दृष्टीला आडवे येत नाही, म्हणून तिथे जनावर कसे उभे आहे ते वाचावे लागते. टोपी नावाचे तांबूस-जांभळट हरीण वारुळावर चढून एकाच दिशेला मान ताठ करून पाहत असेल तर तिकडे सिंह किंवा चित्ता आहे असे समजावे. गिधाडे आकाशात घिरट्या घालीत असतील तर अजून खात्री नाही, पण एकामागून एक पाय सोडून खाली येऊ लागली तर काही तरी मेलेले आहे. ताडोबात ज्यांचे डोळे तयार झाले आहेत त्यांना ही लिपी दोन दिवसांत येते, नवख्याला आठवडा लागतो. आपल्यासारख्या मंडळींनी म्हणूनच जावे, कारण जिथे इतर लोक ‘काहीच दिसत नाही’ म्हणतात तिथे आपल्याला दिसेल.

ओळखीच्या गोष्टीही भेटतात. माळावर सुट्टी सुट्टी उभी असलेली जी झाडे प्रत्येक छायाचित्रात बाभळी म्हणून खपतात, त्यांतील कित्येक आपल्या हिंगणबेटाच्या कुळातली असतात. ‘मारा’ या मसाई शब्दाचा अर्थच ठिपक्या-ठिपक्यांचा असा आहे, तो या झाडांवरून पडला. तिथला नीलपंख छातीवर जांभळा असतो आणि सासूबाईंनी त्याला दसऱ्याचे पाखरू म्हणून लगेच हात जोडले. शिवाय एक व्यावहारिक सोय म्हणजे पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद असतो, त्याच महिन्यांत मारा भरात असते.

प्रश्न : मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आहे. दुसऱ्या लेखात आपण बुळकांडीचा ओझरता उल्लेख केला आहे. गुरांच्या रोगाचा आणि सेरेंगेटीच्या कळपांचा संबंध काय, तो सविस्तर लिहावा. (अहिल्यानगर)

या पत्राने मला फार आनंद झाला, कारण संपादकांनी जागेअभावी माझी जी दोन पाने कापली ती याच विषयाची होती.

बुळकांडी पूर्व आफ्रिकेत पोहोचली ती 1880च्या दशकाच्या अखेरीस. इटालियन सैन्याने आजच्या इरिट्रियात आणलेल्या गुरांबरोबर, बहुधा आपल्याच देशातून नेलेल्या गुरांबरोबर, ती उतरली असे मानले जाते. दहा वर्षांच्या आत ती खंडाच्या दक्षिण टोकाला भिडली. गुरे, रानरेडे, विल्डबीस्ट असे खूर दुभंगलेले जे जे जनावर तिच्या वाटेत आले ते बहुतेक मेले. दूध, रक्त आणि मांस यांवर जगणाऱ्या मसाई समाजात त्यापाठोपाठ देवी आणि दुष्काळ आले. त्या काळाला ते आजही ‘एमुताई’, म्हणजे सर्वनाश, असे म्हणतात. पुढे युरोपीय अधिकाऱ्यांनी जो ‘निर्मनुष्य’ माळ पाहिला आणि निसर्गाचे मूळ रूप म्हणून राखून ठेवला, तो मुळात माणसे आणि गुरे मेल्यामुळे मोकळा झालेला होता, ही गोष्ट सहलींच्या माहितीपत्रकांत मला कुठेही आढळली नाही.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे रोग तिथेच मुरला. विल्डबीस्टची पिल्ले आईच्या दुधातील प्रतिकारशक्ती संपली की पहिल्याच वर्षी मरत. सर्वांचा समज असा होता की जंगली जनावरे रोग जिवंत ठेवतात आणि गुरांना देतात. 1950च्या दशकाअखेरीस आणि 1960च्या दशकात सेरेंगेटीच्या भोवतालच्या गुरांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली, आणि एकाही विल्डबीस्टला सुई न लावता त्यांच्यातला रोग दोनतीन वर्षांत नाहीसा झाला. म्हणजे साठा गुरांत होता. 1961 साली जे विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते ते 1970च्या दशकाअखेरीस तेरा लाखांवर गेले. इतक्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्यांना जळण उरेना, वणवे कमी झाल्यावर बाभळीची रोपे तग धरू लागली, झाडे वाढली तसे जिराफांना खाणे मिळाले. आपण पाहतो ते दृश्य निसर्गाने जसे आहे तसे राखलेले नसून लसीकरण करणाऱ्या माणसांच्या पायपिटीतून उभे राहिलेले आहे.

आपल्या खात्याच्या दृष्टीने आणखी एक धागा आहे, तो आपणांस माहीत असेल, पण इतर वाचकांसाठी लिहिते. याच रोगाच्या अभ्यासासाठी भारतातील पहिली जीवाणू प्रयोगशाळा 1889 साली पुण्यात सुरू झाली आणि 1893 साली ती कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. जगातील बुळकांडीचा शेवटचा ज्ञात प्रादुर्भाव 2001 साली केनियातील मेरू राष्ट्रीय उद्यानाच्या रानरेड्यांत आढळला आणि 2011 साली तिचे पूर्ण निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालविलेला हा दुसरा रोग. माझ्या आजोळी बुळकांडीच्या देवीला गावाबाहेर नैवेद्य दाखवीत असत, तो केव्हा बंद झाला हे आता कोणाला आठवत नाही.

प्रश्न : आईचे वय 69 आहे, गुडघे आणि कंबर दुखते. तिला नेणे योग्य होईल का? (ठाणे)

माझ्या सासूबाई त्या वेळी 71 वर्षांच्या होत्या, म्हणून अनुभवाने सांगते. चालावे लागत नाही, कारण गाडीतून उतरण्याची परवानगीच नसते. त्रास असतो तो धक्क्यांचा, ज्याला तिथले चालक हसत हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. आईंना मागच्या चाकांवरची सीट न देता चालकाशेजारची किंवा मधल्या ओळीतली सीट द्यावी, कमरेचा पट्टा आणि एक लहान उशी जवळ ठेवावी, आणि व्हॅनऐवजी लँड क्रूझर घ्यावी. नैरोबीहून रस्त्याने पाचसहा तास लागतात, त्याऐवजी विल्सन विमानतळावरून लहान विमानाने पाऊणएक तासात पोहोचता येते. मात्र तिथे सामानाची मर्यादा साधारण पंधरा किलोची असून चाकांची कडक बॅग चालत नाही, कापडी बॅगच लागते.

जे कोणी उघडपणे विचारत नाही तेही लिहिते. सकाळी सहाला निघालेली गाडी कधी कधी बारापर्यंत परतत नाही आणि स्वच्छतागृहे दूर असतात. चालकाला सांगितले की तो मोकळी जागा पाहून गाडी आडवी लावतो, आजूबाजूला नजर टाकतो आणि मग ‘टायर तपासण्यासाठी’ उतरायला सांगतो. पहिल्या दिवशी संकोचाने सासूबाई पाणीच प्यायल्या नाहीत आणि दुपारी त्यांचे डोके दुखू लागले. दुसऱ्या दिवसापासून मी साडीऐवजी पंजाबी पोशाखाचा आग्रह धरला, तेव्हा प्रश्न मिटला.

आणि स्वेटर. आफ्रिका म्हणजे उकाडा या समजुतीने आमच्या शेजारच्या तंबूतील एक कुटुंब केवळ सुती कपडे घेऊन आले होते. मारा महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे. ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत मंकी कॅप घालायला लाज वाटत नाही.

प्रश्न : शाकाहारी जेवण, तेही कांदा-लसूण न घालता, मिळते का? (पुणे)

शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. केनियात गुजराती समाज शतकाहून अधिक काळ राहत असल्याने स्वयंपाक्यांना शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही आणि ‘चपाती’ हा तर स्वाहिलीच शब्द झाला आहे. कांदा-लसणाचे आधी कळवावे. मका आणि घेवडा एकत्र शिजविलेली ‘गिथेरी’ आणि ‘सुकुमा विकी’ नावाची पालेभाजी मला आवडली. मक्याच्या पिठाचा ‘उगाली’ हा उकडीसारखा घट्ट गोळा मात्र तुपाशिवाय उतरत नाही. मेतकूट नेले होते, ते कामी आले.

प्रश्न : पिवळ्या तापाची लस घेतलीच पाहिजे का? मुक्काम तर जेमतेम सहा दिवसांचा आहे. (छत्रपती संभाजीनगर)

घेतलीच पाहिजे. केनिया हा देश भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे, त्यामुळे तिथे किती दिवस राहिलात याला महत्त्व नसून परत येताना प्रमाणपत्र दाखवावे लागते, नसल्यास विमानतळावरून थेट विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत राहावे लागू शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. लस शासनमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे ठरावीक वारीच टोचतात, म्हणून महिनाभर आधी चौकशी करावी. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी त्याच भेटीत विचारून घ्यावे.

प्रश्न : आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर सहा दिवसांत तीन उद्याने ‘केली’. आठवणीत राहिल्या त्या पुढच्या गाड्यांच्या मागच्या नंबरप्लेट. यात आमचे काय चुकले? (कोल्हापूर)

आपले पत्र वाचून मला हसू आले आणि मग आमचीच फजिती आठवली. आमच्या शहरातील एका एजंटाने मारामधील कॅम्प म्हणून जे आरक्षण दिले होते, ते प्रवेशद्वाराबाहेरच्या वस्तीत निघाले. गेटवरची रांग धरून रोज सकाळची सर्वांत चांगली पाऊण तासाची वेळ वाया गेली, आणि विचारल्यावर उत्तर मिळाले की मारा म्हणजे सगळा तो परिसरच. नकाशावर तंबू कुठे आहे हे मीच पाहायला हवे होते.

आपल्या कार्यक्रमात अंबोसेली, नाकुरू आणि मारा अशी तिन्ही ठिकाणे आहेत. यांतील प्रत्येक टप्प्याला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ रस्त्यावर जातो, म्हणजे सहा दिवसांतील निम्मा वेळ आपण मालमोटारींच्या मागे होतात. मला विचाराल तर पाच रात्री असतील तर पाचही एकाच ठिकाणी काढाव्यात. अंबोसेलीतून किलिमांजारो ढगात असेल तर दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला तुम्ही तिथे नसता, एवढे एकच उदाहरण पुरेसे आहे. पैशांचाही हिशेब आहे. 2024 पासून मारा राखीव क्षेत्राचे परदेशी पर्यटकांसाठीचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर झाले आहे. एवढे शुल्क भरून दुपारी दोनला आत शिरणे आणि दुसऱ्या सकाळी निघणे हा शुद्ध तोटा आहे.

गाड्यांच्या गर्दीविषयी आपला राग रास्त आहे, आणि त्यात केवळ आपल्या छायाचित्रांचे नुकसान नाही. एका सकाळी चित्त्याची मादी वारुळावर बसून गझेलच्या एका चुकार पाडसाकडे एकटक पाहत होती. तिचे खांदे खाली गेले, शेपटीचे टोक हलायचे थांबले, आणि त्याच वेळी बिनतारी संदेश ऐकून आलेल्या गाड्यांनी तिच्या आणि पाडसाच्या मधला माळ भरून टाकला. ती उठली, जांभई दिली आणि दुसरीकडे निघून गेली. तिच्यामागे गवतातून तीन पिल्ले निघाली, ती तोवर आम्हांला दिसलीच नव्हती. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मारामधील अभ्यासात असे आढळले की पर्यटकांची दाटी असलेल्या भागात चित्त्याच्या माद्या एका वितीमागे सरासरी 0.2 पिल्ले वाढवू शकल्या आणि कमी पर्यटक असलेल्या भागात 2.3. एका जनावराभोवती पाचच गाड्या असाव्यात असा नियम आहे. तो पाळला जावा असे वाटत असेल तर आपण आपल्या चालकाला आधीच सांगावे की सहावी गाडी आमची नको, आणि त्याबद्दल बक्षिशी कमी होणार नाही. बहुतेक चालक बिचारे पर्यटकांच्या नाराजीला घाबरूनच पुढे घुसतात.

प्रश्न : शिकार प्रत्यक्ष पाहताना आपल्याला काय वाटले? माझी अकरा वर्षांची मुलगी बरोबर येणार आहे, म्हणून विचारते. (नाशिक)

सिंहिणींनी विल्डबीस्ट पाडलेला आम्ही चाळीसएक पावलांवरून पाहिला. धावण्याचा भाग काही सेकंदांत संपतो. त्यानंतर एका सिंहिणीने त्याचे नाक-तोंड आपल्या जबड्यात धरले आणि जवळजवळ सहा मिनिटे ती हललीसुद्धा नाही. त्या सहा मिनिटांत गाडीत कोणी बोलले नाही. मला वाईट वाटले, पण क्रौर्य पाहिल्याची भावना झाली नाही. मला अधिक जड गेले ते नंतरचे, म्हणजे पोट फाडल्यावर आलेला अर्धवट पचलेल्या गवताचा उग्र वास, जो आमच्या गोठ्यातल्या वासाच्या इतका जवळचा होता की दुपारचे जेवण गेले नाही.

मग तरस आले. आपल्याकडच्या पट्टेरी तरसापेक्षा हे ठिपक्यांचे तरस निराळे आणि कळपाने राहणारे. ते केवळ उष्टे खातात ही त्यांची बदनामी आहे. सेरेंगेटीत ते आपल्या अन्नाचा मोठा भाग स्वतः शिकार करून मिळवितात आणि कित्येकदा सिंहच त्यांची शिकार हिसकावून घेतात. ते हाडेही चावून खातात, त्यामुळे त्यांची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी दिसते. आपल्या मुलीला ही गोष्ट शिकारीपेक्षा अधिक आवडण्याचा संभव आहे. तिला एवढेच सांगून ठेवावे की पाहवेनासे झाले तर खाली बसावे, त्यात कमीपणा नाही. माझ्या पतींनी तेच केले.

प्रश्न : मसाई वाडीला भेट देणे म्हणजे माणसांचे प्रदर्शन पाहण्यासारखे नाही का? (रत्नागिरी)

काही अंशी आहे. प्रवेशशुल्क घेतले जाते, तरुण उंच उड्यांचे नृत्य करून दाखवितात, शेवटी मण्यांच्या माळांचा बाजार मांडला जातो आणि भाव तिपटीने सांगितला जातो. पण जेजुरीला येणाऱ्या परक्या पाहुण्याला आपणही जे दाखवितो ते दाखविण्याजोगेच असते, आणि त्याचे पैसे घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. शेण-मातीची घरे तिथे बायका बांधतात. सासूबाईंनी भिंतीवर हात फिरवून सारवण चांगले बसले आहे असे मराठीतच सांगितले, तेव्हा त्या घराच्या मालकिणीने त्यांचा हात धरून त्यांना मागच्या बाजूला नेले आणि चिरा गेलेली जागा दाखविली. दोघी तिथे बराच वेळ होत्या. त्या काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक.

वाडीत गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत आणि परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये. मसाईंना आपल्या भेटीचा अधिक टिकाऊ लाभ व्हावा असे वाटत असेल तर राखीव क्षेत्राला लागून असलेल्या संवर्धन क्षेत्रात राहावे. तिथे जमिनीचे मालक असलेली मसाई कुटुंबे आपली जमीन कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने देतात आणि पर्यटक येवोत न येवोत, ठरलेले भाडे घेतात. गाड्या मोजक्या असतात, रात्रीची फेरी आणि मार्गदर्शकाबरोबर पायी फिरणे या राखीव क्षेत्रात नसलेल्या सवलतीही तिथे मिळतात. खर्च अधिक येतो, हे खरे.

प्रश्न : झेब्रा पांढरा असून त्यावर काळे पट्टे आहेत की काळा असून पांढरे? बाई म्हणाल्या मासिकाला पत्र लिही. (इयत्ता चौथी, बारामती)

काळ्यावर पांढरे. झेब्र्याच्या केसांखालची कातडी काळी असते आणि ज्या केसांत रंग उतरत नाही ते पांढरे राहतात. प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात, तुझ्या अंगठ्याच्या ठशासारखे. पट्टे कशासाठी, याचे आज सर्वांत पटणारे उत्तर चावऱ्या माश्या हे आहे. शास्त्रज्ञांनी घोड्यांना पट्ट्यांची झूल घालून पाहिले तेव्हा गोमाश्या जवळ आल्या, पण त्यांना नीट बसता येईना. सेरेंगेटीत त्से-त्से माश्या पकडण्यासाठी झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले असतात, कारण त्यांना गडद एकसारखा रंग आवडतो. माझ्या पतींनी त्या दिवशी नेमका गडद निळा सदरा घातला होता. त्यांना अकरा ठिकाणी चावल्या. पांढऱ्या ओढणीतल्या आजींना एकही नाही. बाईंना हे जरूर सांग.